एकाच चाकाला पुन्हा पुन्हा पंक्चर: कारण कसं शोधायचं

मागच्या चाकाची हवा गेली, पंक्चर काढलं. चार दिवसांनी चाक पुन्हा बसलं. मग वैतागून नवी ट्यूब टाकली, तर तीही आठवडाभरात गेली. आमच्या दुकानात सगळ्यात जास्त येणारी तक्रार ही आहे. सायकल घेऊन येणाऱ्याने तोवर ट्यूबच्या कंपनीला, महापालिकेच्या रस्त्यांना आणि शेवटी नशिबाला दोष देऊन झालेला असतो. त्यात थोडं तथ्य असेलही. पण दोन्ही चाकं त्याच रस्त्यावरून जात असताना पंक्चर एकाच चाकाला होत राहिलं, तर कारण बहुतेक वेळा त्या चाकातच दडून बसलेलं असतं. ट्यूब बदलली तरी ते तिथेच राहतं आणि नव्या ट्यूबलाही त्याच जागी टोचतं.

पुण्यातल्या एका वस्तीत आम्ही काही सायकलवेड्या मित्रांनी मिळून हे छोटं दुकान चालवायला घेतलं. विक्री थोडी, दुरुस्ती जास्त. सकाळी पेपर टाकणाऱ्या मुलांच्या सायकली, दुपारी शाळेतल्या पोरांच्या, संध्याकाळी ऑफिसातून परतणाऱ्यांच्या हायब्रिड, आणि रविवारी सिंहगड-पानशेत करून आलेल्यांच्या रोडबाइक. सायकल कुठलीही असो, वारंवार पंक्चरची तक्रार आली की आम्ही आधी विचारतो, "जुनी ट्यूब कुठे आहे?" ती बहुतेकांनी फेकून दिलेली असते. कृपा करून फेकू नका. पंक्चर का झालं याचा सगळ्यात खात्रीचा पुरावा त्या ट्यूबवरच्या छिद्रात असतो: छिद्र कुठे आहे, कोणत्या बाजूला आहे, कसं दिसतं. एवढं नीट पाहिलं तर बहुतेक वेळा कारण सापडतं.

चाक खोलण्याआधी

घाईने टायर काढून ट्यूब ओढून बाहेर काढली, की अर्धा पुरावा तिथेच गेला. ट्यूब टायरमध्ये नेमकी कशी बसली होती हे नंतर सांगता येत नाही. म्हणून आधी खडूने किंवा बॉलपेनने व्हॉल्व्हच्या शेजारी टायरवर एक खूण करा. आमच्याकडे नवा टायर बसवताना त्यावरचं कंपनीचं नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणतो. दिसायला बरं वाटतं म्हणून लोक तसं करतात असा समज आहे, पण त्याचा खरा उपयोग हा असतो: व्हॉल्व्हपासून अंतर मोजून ट्यूबवरचं छिद्र टायरवर बरोबर सापडतं.

टायरची एकच बाजू रिमच्या बाहेर काढा, दुसरी आतच राहू द्या. ट्यूब बाहेर घेताना चेनकडची बाजू कोणती हे लक्षात ठेवा, हवं तर तिच्यावर 'चे' असं लिहून ठेवा. मग ट्यूबमध्ये हवा भरा, आणि जरा जास्तच भरा, ट्यूब नेहमीच्या दीडपट-दुप्पट फुगेल इतकी. टायरच्या बाहेर असलेली ट्यूब एवढी हवा सहज सोसते, आणि बंद दिसणारं बारीक छिद्र फुगल्यावरच उघडतं. ट्यूब ओठांजवळून हळूहळू फिरवली की हवेची झुळूक जाणवते. तरीही नाही कळलं तर पाण्याचं घमेलं आहेच. व्हॉल्व्हही पाण्यात बुडवून पाहायला विसरू नका.

छिद्र सापडल्यावर तिथे गोल करा. गोल छिद्राच्या थोडा लांबूनच करा, नाहीतर पॅच लावायला ट्यूब घासली की खूणही पुसली जाते. मग व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह जुळवून ट्यूब चाकावर धरा. आता छिद्राच्या समोर टायरचा किंवा रिमचा जो भाग येतो, तिथे बघायचं. चेनकडची बाजू कोणती हे विसरलात तर व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर बघा.

छिद्र बाहेरच्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला

इथे वस्तू टायरमधून आत आली आहे. मोठा खिळा असेल तर तो दिसतो, त्याची काळजी नाही. त्रास देतात त्या न दिसणाऱ्या वस्तू, आणि त्यातली पहिली म्हणजे तार.

हिंजवडीला सायकलने जाणारा एक तरुण आमच्याकडे आला होता. मागच्या चाकाच्या ट्यूब संपवून त्याची सायकलवरची श्रद्धाच उडायला आली होती. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला टायर फिरवून दाखवला होता, 'टायर एकदम स्वच्छ आहे' असंही सांगितलं होतं. टायर खरोखर स्वच्छ दिसत होता. ट्यूबवरची छिद्रं मात्र सगळी व्हॉल्व्हपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर होती. मग त्या जागेवर टायर उलटा करून, दोन्ही अंगठ्यांनी रबर ताणून पाहिलं, तेव्हा आतल्या बाजूला डोक्याच्या केसाएवढ्या जाडीच्या पोलादी तारेचं टोक चमकलं. बाहेरून ती टायरच्या रबरात पूर्ण बुडालेली होती. चाक रिकामं असताना टोक आत मागे जायचं, माणूस बसून चाक दाबलं गेलं की पुढे येऊन टोचायचं. म्हणून नुसतं बोट फिरवून ती सापडत नव्हती.

ही तार येते ट्रकच्या टायरमधून. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये रबराच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. असा टायर फाटला की त्या तारांचे बारीक तुकडे रस्त्यावर पसरतात आणि वाहनांच्या वाऱ्याने कडेला जमा होतात, म्हणजे नेमके जिथून आपण सायकल चालवतो तिथे. महामार्गाच्या कडेने किंवा त्याच्या सर्व्हिस रोडने रोज जाणाऱ्यांनी वारंवार पंक्चर झालं की पहिला संशय तारेचा घ्यावा.

शोधायची पद्धत: टायर पूर्ण बाहेर काढा आणि आतून कापूस किंवा जुना नायलॉनचा मोजा एकदा एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. टोक असेल तिथे धागा अडकतो. नुसत्या बोटाने जोरात चाचपू नका, काच असली तर बोट कापतं. मोज्यातही काही अडकलं नाही, तर छिद्राच्या समोरचा वीतभर भाग हातात घेऊन टायर मागे-पुढे वाकवत उजेडात बघा. तार सापडली की टोकदार चिमट्याने किंवा नेलकटरने पकडून ओढा, किंवा दाभणाने आतून बाहेर ढकला. अर्धी तुटून आत राहिली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

दुसरी वस्तू म्हणजे काटा. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला की बाहेरचा भाग मोडून जातो आणि टोक रबरात राहतं. शेताच्या बांधाला बाभळीच्या फांद्यांचं कुंपण असतं, रस्त्याकडेची झाडं छाटतात तेव्हाही काटेरी डहाळ्या डांबरावर पडतात. बोपदेव घाट किंवा सासवडच्या बाजूला फिरून येणाऱ्यांच्या टायरमध्ये ही टोकं बरीच निघतात. पावसाळा संपल्यावर माळरानावर सराटे वाळतात, तेही तितकेच वाईट. सराट्याला काट्यांची रचनाच अशी असते की तो कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करून राहतो. सायकल माळावरून किंवा मैदानातून ढकलत आणली असेल, तर घरी आल्यावर टायर एकदा फिरवून पाहा. सराटा टायरला चिकटलेला दिसला तर तो लगेच काढा. प्रत्येक फेऱ्याला तो आणखी आत जातो.

पावसात पंक्चर वाढतात, हे बहुतेकांनी अनुभवलं असेल. पाण्याबरोबर कडेचा कचरा रस्त्यावर येतो, आणि ओलं रबर कोरड्या रबरापेक्षा काचेने सहज कापलं जातं. त्या दिवसांत रोज संध्याकाळी टायरवरून नजर टाकून अडकलेल्या काचा टोकदार वस्तूने उकरून काढल्या तर बराच त्रास वाचतो. बारीक काच रबरात अडकली की लगेच पंक्चर होत नाही, रोज थोडी थोडी आत जात काही दिवसांनी ट्यूबपर्यंत पोचते.

मागच्या चाकाला पंक्चर जास्त होतात याचं कारणही इथेच सांगतो. शरीराचा जास्त भार मागच्या चाकावर असतो, त्यामुळे मागचा टायर लवकर झिजून पातळ होतो. शिवाय पुढचं चाक रस्त्यावर आडवा पडलेला खिळा किंवा काच उडवून उभी करतं आणि ती मागच्याला लागते. टायरची नक्षी मधून गुळगुळीत झाली असेल, किंवा आतलं कापड डोकावत असेल, तर तिथे शोधाशोध करू नका. तो टायर बदला.

छिद्र आतल्या बाजूला, म्हणजे रिमकडच्या बाजूला

टायरमध्ये काही सापडत नाही म्हणून लोक हात टेकतात, तेव्हा निम्म्या वेळा गोष्ट या बाजूची असते. आरपार गेलेला लांब खिळा सोडला तर रस्त्यावरची वस्तू ट्यूबच्या या बाजूला पोचत नाही. म्हणजे बहुतेक वेळा त्रास रिमच्या आतून होतोय.

रिमच्या आत, स्पोकच्या टोकांवरून एक पट्टी असते. ही रिमपट्टी अगदी स्वस्त वस्तू आहे आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. ती सरकली, फाटली किंवा अरुंद असली तर ट्यूब स्पोकच्या भोकावर किंवा निपलवर, म्हणजे स्पोक धरून ठेवणाऱ्या छोट्या नटावर टेकते. पट्टी काढून पाहा. छिद्राच्या समोर एखाद्या स्पोकचं टोक निपलच्या वर डोकावत असेल तर ते कानशीने सपाट घासा. नुकताच रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला असेल आणि त्यानंतर पंक्चर सुरू झाली असतील, तर इथेच बघा. आउट काढताना निपल आवळले जातात, तेव्हा स्पोकचं टोक थोडं वर येतं. स्पोक मुळात लांब असला तर ते पट्टीला भोक पाडून ट्यूबपर्यंत पोचतं. जुन्या पद्धतीच्या एकपदरी रिममध्ये हे जास्त होतं.

आता एक जुनी सवय, जी आमच्याकडच्या अनेक अनुभवी मिस्त्रींनाही आहे: जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून तीच रिमपट्टी म्हणून वापरायची. काळ्या घोड्यासारख्या जुन्या दांड्याच्या सायकलीला हे चालून जायचं, कारण तिथे हवा पन्नास पौंडांच्या आसपास आणि रिम एकपदरी. आजच्या दुपदरी अॅल्युमिनियम रिमला स्पोकसाठी आत मोठी भोकं असतात. तिथे ऐंशी-नव्वद पौंड हवा भरली की मऊ रबराची पट्टी भोकात दबते, तिच्यामागोमाग ट्यूबही दबते आणि भोकाच्या कडेवर कापली जाते. अशा ट्यूबवर छिद्राच्या आजूबाजूला भोकाच्या आकाराचे गोल फुगवटे दिसतात. ते दिसले की निदान नक्की झालं. उपाय: कापडी चिकटपट्टीसारखी किंवा ताठ नायलॉनची रिमपट्टी, रिमच्या आतल्या तळाएवढी रुंद. भोकं तर झाकलीच पाहिजेत, पण कड टायर जिथे बसतो तिथपर्यंत चढता कामा नये.

सिंहगडावरून उतरताना ज्यांना पंक्चर होतं, त्यांनीही रिमपट्टी तपासावी. लांब, तीव्र उतारावर रिमब्रेक सतत दाबून धरले की रिम चांगलीच तापते. उष्णतेने पट्टीचा गोंद सुटतो, पट्टी सरकते, जुने पॅचही सैल होतात. ब्रेक सतत घासत ठेवण्याऐवजी वळणाआधी जोरात दाबून मग सोडत उतरलं तर रिमला थंड व्हायला वेळ मिळतो.

शेजारी शेजारी दोन फटी

ट्यूबवर एका ओळीत दोन बारीक फटी दिसल्या तर समजा की टायरमध्ये काहीही शिरलेलं नाही. सायकलवाले याला स्नेकबाइट म्हणतात. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या किंवा स्पीडब्रेकरच्या धारेवर आदळलं, टायर पूर्ण चेपला गेला आणि ट्यूब ती धार आणि रिमच्या दोन्ही कडा यांच्यामध्ये चिमटली. अशा पंक्चरला ट्यूब बदलणं, टायर बदलणं, काटे शोधणं, काहीच उपयोगाचं नाही. उपाय एकच, योग्य हवा.

बोटाने दाबून 'कडक आहे' म्हणणं पुरेसं नाही. रोडबाइकच्या अरुंद टायरमध्ये साठ पौंड हवाही बोटाला दगडासारखी लागते, आणि तेवढ्यावर ट्यूब पुण्याच्या खड्ड्यांत लगेच चिमटते. गेज असलेला फुटपंप घरात असावा, असं आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला आग्रहाने सांगतो, मग पंप तो कुठूनही घेवो. साधारण हिशेब असा: ७०० × २५ च्या टायरमध्ये ८० ते १००, ७०० × ३५ च्या हायब्रिडमध्ये ५५ ते ७५, २६ × १.९५ च्या माउंटन टायरमध्ये ३५ ते ५०, आणि २८ × १½ च्या दांड्याच्या सायकलीत ४५ ते ५५ पौंड. पौंड म्हणजे टायरवर छापलेला पीएसआय. टायरवरचा कमाल आकडा ओलांडायचा नाही, वजनदार माणसाने वरच्या टोकाला, हलक्याने खालच्या टोकाला राहायचं. पाठीमागे पेपरचे गठ्ठे किंवा दुधाच्या पिशव्या असतील तर मागच्या चाकात थोडी जास्त.

पेट्रोलपंपावरच्या कॉम्प्रेसरने भरू नये असं नाही, पण तिथे हवा झटक्यात जाते. सायकलच्या ट्यूबमध्ये जागाच थोडी, त्यामुळे दोन सेकंदांत हवा गरजेपेक्षा बरीच जास्त होते. आणि टायरची कड नीट बसलेली नसेल तर तिथून ट्यूब बाहेर येऊन फुटते.

याच्याशी जोडलेला एक समज: 'उन्हात ठेवली म्हणून फुटली.' हिशेब करून पाहू. सावलीत ३० अंशांना ६० पौंड हवा भरलेलं चाक उन्हात ६० अंशांपर्यंत तापलं तर दाब साधारण ६७ पौंड होतो. सुस्थितीतल्या टायरला हे सात पौंड काहीच नाहीत. उन्हात फुटणाऱ्या चाकाची कड आधीच वर आलेली असते किंवा बाजू फाटलेली असते, ऊन फक्त शेवटचा धक्का देतं. तेव्हा फुटलेल्या जागी टायर तपासा, नुसती ट्यूब घालून पुन्हा हवा भरू नका.

व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली ट्यूब

इथे पॅच लागत नाही, ट्यूब बदलावीच लागते. पण पुढचीही तिथेच फाटू नये म्हणून कारण पाहायचं. हवा कमी ठेवून चालवलं की टायर रिमवर किंचित सरकतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. चाकाकडे बाजूने पाहिलं तर व्हॉल्व्ह सरळ मध्याकडे रोखलेला दिसायला हवा. तिरका दिसला तर हवा सोडून, टायर फिरवून तो सरळ करून घ्या.

दुसरं कारण भोकाच्या मापाचं. मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हसाठी रिमला साधारण ८.५ मिलिमीटरचं भोक असतं, बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी ६.५ मिलिमीटरचं. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व्ह घातला तर तो हलतो आणि ट्यूब भोकाच्या कडेवर घासते. यासाठी भोक लहान करणारी छोटी बुशिंग मिळते, ती घाला. उलट, बारीक भोक ड्रिलने मोठं केलेलं असेल तर त्याची कड आतून कानशीने गुळगुळीत केली आहे का ते बोटाला कापड गुंडाळून पाहा. प्रेस्टाच्या बाहेरचा नट बोटानेच हलका लावायचा. पान्ह्याने आवळला की ट्यूब बुडापासून ताणली जाते.

बाजूला छिद्र, टायरही बाजूने कापलेला

ब्रेकचा गुटका रिमऐवजी टायरला घासतोय का बघा. ब्रेक दाबून समोरून पाहिलं तर लगेच कळतं. टायरच्या बाजूचं रबर पातळ असतं, काही दिवसांत तिथे चीर पडते आणि ट्यूब बाहेर डोकावते. जुन्या सायकलींवर बाटलीसारखा डायनॅमो असतो, त्याचा दाब जास्त किंवा कोन चुकलेला असला तर तोही हेच करतो. ब्रेक किंवा डायनॅमो आधी सरळ करा, मगच नवा टायर घाला.

पॅचच सुटतोय

छिद्र नवं नाही, जुन्याच पॅचखालून हवा जातेय, असंही बऱ्याचदा होतं. पॅच नीट लागला तर तो ट्यूबइतकाच टिकतो. तो सुटतो याची दोन कारणं: ट्यूब नीट घासलेली नसते, किंवा सोल्यूशन ओलं असतानाच पॅच चिकटवलेला असतो. पॉलिश पेपरने पॅचपेक्षा मोठा भाग चकाकी जाईपर्यंत घासा. साच्याची उंच रेघ मध्ये येत असेल तर तीही सपाट करा. घासलेल्या जागेला बोट लावू नका, हाताचं तेल लागतं. सोल्यूशनचा पातळ थर पसरा आणि थांबा, पाचेक मिनिटं. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ बसते. थर सुकून त्याची ओली चकाकी गेली की पॅच ठेवून मध्यापासून कडांकडे जोरात दाबा. सोल्यूशनमधला द्रव उडून गेला पाहिजे, तो पॅचखाली अडकला की जोड कच्चा राहतो. गिऱ्हाईक समोर उभं असताना पाच मिनिटं थांबणं दुकानदाराला जड जातं, हे मला माहीत आहे. तरी थांबावं. पॅचवर आम्ही बॉलपेनने तारीख लिहितो. पुढच्या वेळी ट्यूब आली की जुना पॅच सुटला की नवं छिद्र पडलं, यावर वाद राहत नाही.

सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत आतल्या आत सुकते. घरच्या पिशवीत वर्षभर पडलेली ट्यूब प्रवासात दगा देते.

छिद्र सापडतच नाही

मग व्हॉल्व्हकडे वळा. दांड्याच्या सायकलीच्या व्हॉल्व्हमध्ये बारीक रबराची नळी असते, वॉलट्यूब. ती चिरली किंवा सैल झाली की हवा रातोरात जाते. नळी बदलायला फार तर दोन मिनिटं लागतात. मोटारसायकलच्या प्रकारच्या व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचा किंवा साबणाच्या पाण्याचा थेंब लावा, बुडबुडा आला तर पिन घट्ट करा किंवा बदला. प्रेस्टामध्ये काही व्हॉल्व्हचा गाभा फिरवून निघतो, तो सैल झाला असेल तर बारीक पान्ह्याने घट्ट करा.

आणि थोडी हवा जाणं हे पंक्चर नव्हेच. ट्यूबच्या रबरातून हवा सतत झिरपत असते. रोडबाइकच्या अरुंद, जास्त दाबाच्या चाकात हे आठवडाभरात जाणवतं, दांड्याच्या सायकलीला महिनाही चालतं. सुट्टीनंतर दोन्ही चाकं सारखीच मऊ झाली असतील तर चाक खोलू नका, हवा भरा.

ट्यूबचं मापही पाहा. '२६ इंची' एवढं म्हणून ट्यूब घेतात आणि तिथे घोळ होतो. २६ × १ ३/८ च्या लेडीज सायकलीच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर, २६ × १.९५ च्या माउंटन बाइकचा ५५९. एकीची ट्यूब दुसरीत कशीबशी बसतेही, पण घडी पडते किंवा ताणली जाते आणि त्याच जागी फाटते. टायरच्या बाजूवर '४७-५५९' किंवा '३७-५९०' असा आकडा छापलेला असतो, तो पाहून ट्यूब घ्या. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास.

सीलंट (ट्यूबमध्ये भरायचा, छिद्र आतून बुजवणारा द्रव) आणि टायरच्या आतली संरक्षक पट्टी यांबद्दल रोज विचारणा होते. सीलंट काट्यांच्या भागात चांगलं काम करतं, पण ते काही महिन्यांत सुकतं, आणि आपल्या उन्हाळ्यात लवकर. पुन्हा भरावं लागतं. संरक्षक पट्टीची कड कठीण असेल तर तीच ट्यूबला घासून पंक्चर करते, अशी चाकं आमच्याकडे येतात. दोन्ही गोष्टी कारण सापडल्यानंतर घालायच्या. टायरमध्ये तार तशीच ठेवून वर सीलंट ओतलं तर काही दिवस बरे जातात, एवढंच.

परत बसवताना

नवी ट्यूब बसवल्या बसवल्या गेली तर टायर चढवायच्या लिव्हरने चिमटली असण्याची शक्यता मोठी. ट्यूबमध्ये आधी आकार येण्याइतकीच हवा भरा, मग ती टायरमध्ये सारखी बसवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून अंगठ्यांनी आत ढकलत शेवटी व्हॉल्व्हपाशी या. तिथे कड जड जाते, तेव्हा टायर आधी बसवलेल्या भागात रिमच्या मधल्या खोलगटात दाबून सैल करून घ्या, बहुतेक टायर लिव्हरशिवाय चढतात. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब कडेखाली अडकत नाही. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर चेपत एक फेरी मारा. ट्यूब कुठेही डोकावता कामा नये. रिमजवळ टायरवर एक बारीक रेघ असते, ती सगळीकडे सारखी दिसली म्हणजे कड नीट बसली.

गेजवर आकडा पाहून तो कागदावर लिहून ठेवा आणि सायकल रात्रभर उभी करा. सकाळी पुन्हा मोजा. पंप लावताना थोडी हवा सुटते, शिवाय पंपाच्या नळीतही थोडी जाते, तेव्हा दोन-तीन पौंडांचा फरक सोडून द्या. त्याहून जास्त उतरली असेल तर आधी व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावा, मगच चाक खोला. आणि दुकानात आणायचं ठरवलंत तर टायर काढून आणू नका. चाक आहे तसं, व्हॉल्व्हपाशी खूण करून, आणि जुन्या ट्यूब असतील तर त्या सोबत घेऊन या.